गुन्हेगारीशास्त्रातली पीएचडी (भारत)

गुन्हा का घडतो, कोणाला गुन्हेगार ठरवलं जातं, पोलिस, कोर्ट आणि जेल प्रत्यक्षात कसे चालतात, ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचं पुढे काय होतं, यातला एखादा प्रश्न धरून केलेलं स्वतःचं संशोधन म्हणजे गुन्हेगारीशास्त्रातली पीएचडी. काही जण अपराधशास्त्र म्हणतात, बोलताना सगळे क्रिमिनॉलॉजीच म्हणतात. फॉरेन्सिकशी याची गल्लत नेहमी होते, पण रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, डीएनए हा फॉरेन्सिकचा भाग झाला, क्रिमिनॉलॉजीचा विद्यार्थी माणसांकडे आणि संस्थांकडे बघतो.

भारतात या विषयाचा जुना विभाग सागर विद्यापीठातला, १९५९ चा. मद्रास विद्यापीठ, तिरुनेलवेलीचं मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठ, गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ ही पुढची मोठी नावं. मुंबईत टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे आणि टिसचाच ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कोठडीतल्या आणि जेलमधल्या माणसांसोबत काम करतोय, त्यामुळे तिथल्या अभ्यासाला जमिनीचा वास असतो. महाराष्ट्रात स्वतंत्र विभाग कमीच, म्हणून बरेच जण कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रात रजिस्ट्रेशन करतात आणि विषय गुन्हेगारीचा घेतात. यात काही कमीपणा नाही, गाईड कोण आहे हे विभागाच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचं.

मास्टर्स करून येणाऱ्यांना प्रवेशाला ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५ टक्क्यांची सूट. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत क्रिमिनॉलॉजी हा वेगळा विषय आहे, कोड ६८. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, वर घरभाडं, आणि फिल्डवर्कचा विषय असेल तर हे पैसे खरंच लागतात कारण जेल आणि कोर्टाच्या फेऱ्या स्वस्तात होत नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, वर दोन वर्षांची मुदतवाढ, महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. थिसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट त्या नियमांत राहिली नाही, पण आपल्या विद्यापीठाने स्वतःची काही अट ठेवलीय का ते आधीच विचारून घ्यावं.

पण या पीएचडीचा खरा वेळ जातो तो परवानगीत. इतिहासाचा विद्यार्थी दप्तरखान्यात बसतो, इथे दार उघडायचं ते जेलचं. महाराष्ट्रात कारागृह विभागाचं मुख्यालय पुण्यात, अर्ज तिथे करायचा, सोबत विद्यापीठाचं पत्र, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), प्रश्नावली, आणि मग वाट बघायची. परवानगी आली तरी आत वेळ मोजका, मोबाईल बाहेर, रेकॉर्डर बहुतेक वेळा बाहेरच, आणि शेजारी शिपाई उभा असेल तर समोरचा बंदी मोकळं काय बोलणार? आणखी एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते, जेलच्या भाषेत ‘मुलाखत’ म्हणजे नातेवाईकांची भेट, त्यामुळे ‘तुमची मुलाखत घ्यायचीय’ असं म्हटलं की बंद्याला वाटतं घरून कोणी आलंय. तिथेच त्याचा चेहरा पडतो. म्हणून मी म्हणेन, पहिल्याच वाक्यात आपण कोण आणि कशाला आलोय ते साध्या मराठीत सांगावं, आणि आपल्यामुळे जामीन मिळणार नाही, शिक्षा कमी होणार नाही हे पण सांगावं, कारण आत माणूस कशावरही आशा ठेवतो. देशातल्या जेलमध्ये २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० जण होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन जण अजून दोषी ठरलेलेच नाहीत, तरी अभ्यासात त्यांना सर्रास ‘गुन्हेगार’ लिहिलं जातं. हे चुकीचं आहे.

गुप्ततेचं वचन देताना पण जपून. वकिलाला अशील जे सांगतो त्याला कायद्याचं संरक्षण आहे, संशोधकाला ते नाही, कोर्टाने वह्या मागितल्या तर द्याव्या लागू शकतात. लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं कोणालाही बंधनकारक, संशोधक त्यातून सुटत नाही. त्यामुळे ‘कोणालाच सांगणार नाही’ असं सरसकट म्हणूच नये.

आकड्यांसाठी एनसीआरबीचे (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) वार्षिक अहवाल सगळेच वापरतात, पण तिथे एकाच एफआयआरमध्ये खून आणि चोरी दोन्ही असेल तर फक्त सगळ्यात गंभीर गुन्हा मोजला जातो. शिवाय आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले असं नाही, तक्रार नोंदवून घेणं सुधारलं असंही असू शकतं. जुलै २०२४ पासून आयपीसीच्या (भारतीय दंड संहिता) जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे नंबर बदलले, त्यामुळे वर्षांची तुलना करताना कलमं नीट जुळवून घ्यावी लागतात.

महाराष्ट्रात या विषयाला एक जुनी जखम आहे. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे तो कायदा इकडेही लागू झाला, पारधी, कैकाडी, बेरड यांच्या कपाळी तो शिक्का बसला, सोलापूरला त्यांना ठेवायची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचं ही सवय गेली नाही. म्हणून पोलिसांच्या कागदातला ‘सराईत’ हा शब्द थिसिसमध्ये जसाच्या तसा उचलला की आपणही तोच शिक्का पुन्हा मारतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने जेलमधली जातीवरून कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि जेल मॅन्युअलमध्ये (जेलच्या नियमांचं पुस्तक) या जमातींबद्दल असलेल्या नियमांवरही बोट ठेवलं. जेल मॅन्युअल हेच संशोधनाचं साहित्य म्हणून वाचायला घ्यावं, इतकं त्यात आहे.

थिसिस झाला की साहित्यचोरीची तपासणी (१० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं), मग गाईडसोबत किमान दोन बाहेरचे परीक्षक, मग व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. डिग्रीनंतर प्रत शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर जाते आणि कोणीही फुकट वाचू शकतं. ज्यांनी आपली गोष्ट सांगितली त्यांची नावं, गावं, केस नंबर आणि ओळख पटेल असे तपशील ती प्रत वर चढायच्या आधी पुन्हा एकदा बसून काढावेत, नंतर ते परत घेता येत नाहीत.