एमआरआय पल्स सीक्वेन्स

रेडिओ-स्पंद कधी द्यायचा, ग्रेडियंट (जागेनुसार कमी-जास्त होणारी जादा चुंबकीय क्षेत्रे) कधी चालू-बंद करायचे आणि शरीरातून येणारा सिग्नल नेमका कोणत्या क्षणी टिपायचा, याचे मिलिसेकंदांत आखलेले वेळापत्रक म्हणजे पल्स सीक्वेन्स. मराठीत ‘स्पंद-अनुक्रम’ म्हणता येईल. पण मुंबईतल्या स्कॅन सेंटरमध्ये कन्सोलवर बसलेला टेक्निशियन ‘सीक्वेन्स’च म्हणतो, म्हणून या नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे. चुंबक तेच, सिग्नल टिपणारी कॉइल तीच, रुग्णही तोच; फक्त वेळापत्रक बदलले की मेंदूभोवतीचे पाणी एका चित्रात पांढरेशुभ्र दिसते आणि दुसऱ्यात काळेकुट्ट.

सिग्नल कुठून येतो

शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन भरपूर असतो आणि त्याचे केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. चुंबकीय क्षेत्रात तो दर टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) ४२.५८ मेगाहर्ट्झ या वारंवारतेने घिरट्या घालतो; म्हणजे १.५ टेस्लाच्या यंत्रात सुमारे ६३.९ आणि ३ टेस्लाच्या यंत्रात सुमारे १२७.७ मेगाहर्ट्झ. एफएम रेडिओची ८८ ते १०८ ही पट्टी या दोन आकड्यांच्या मधेच पडते. एमआरआयची खोली तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असते ती बाहेरचे असले रेडिओ-सिग्नल आत येऊ नयेत म्हणूनच. क्षेत्राच्या दिशेने आणि क्षेत्राविरुद्ध असलेल्या प्रोटॉनांच्या संख्येतला फरक १.५ टेस्लाला दर दहा लाखांमागे जेमतेम ५ असतो. अख्खे चित्र त्या पाचांच्या जिवावर निघते.

९० अंशांचा स्पंद दिला की उभे चुंबकत्व आडवे होते आणि कॉइलमध्ये सिग्नल येऊ लागतो. त्यानंतर दोन गोष्टी एकाच वेळी पण वेगवेगळ्या गतीने घडतात. उभे चुंबकत्व पुन्हा भरून येते. ते ६३ टक्के भरायला लागणारा काळ म्हणजे टी१. आडवे चुंबकत्व विस्कटत जाते. ते ३७ टक्क्यांवर यायला लागणारा काळ म्हणजे टी२. १.५ टेस्लाला चरबीचा टी१ साधारण २५० ते ३०० मिलिसेकंद, मेंदूतल्या पांढऱ्या भागाचा ६०० ते ७००, करड्या भागाचा ९५० च्या आसपास आणि मेंदूजलाचा तब्बल ४,००० असतो. टी२ बरेच लहान: पांढऱ्या भागाचा ८०, करड्याचा १००, मेंदूजलाचा मात्र सुमारे २,०००.

वेळापत्रकातले मुख्य आकडे दोन. एका स्पंदापासून पुढच्या स्पंदापर्यंतचा काळ तो टीआर, आणि स्पंदापासून सिग्नल टिपण्यापर्यंतचा काळ तो टीई. टीआर ४०० ते ६०० आणि टीई १० ते २० मिलिसेकंद ठेवला की टी१-भारित चित्र मिळते: चरबी पांढरी, पाणी काळे. टीआर ३,००० च्या पुढे आणि टीई ८० ते १२० असेल तर टी२-भारित: पाणी पांढरे, सूज पांढरी. टीआर लांब आणि टीई ३० च्या आत घेतला तर प्रोटॉन डेन्सिटी. गुडघ्याच्या गादीसाठी, म्हणजे मेनिस्कससाठी, हेच चित्र लागते. नवख्यांची गफलत हमखास इथे होते. लांब टीआरमुळे टी२चा प्रभाव वाढत नाही. फक्त सगळ्या ऊतींना भरून यायला सवड मिळते आणि टी१चा फरक पुसला जातो. टी२चा फरक दिसतो तो टीई लांबवल्यामुळे. एकाला दाबायचे आणि दुसऱ्याला बोलू द्यायचे, असा हा मामला आहे.

स्पिन एको

शिवाजी पार्कला फेरी मारायला वीस जण एकाच फाटकातून एकदम निघाले आणि प्रत्येकाचा वेग आपापला ठरलेला असला, तर पाच मिनिटांत घोळका पांगतो. तेवढ्यात शिट्टी वाजवून सगळ्यांना आहेत तिथून मागे फिरवले, तर पुढे गेलेल्याला जास्त अंतर तोडावे लागते, रेंगाळलेल्याला कमी; आणखी पाच मिनिटांनी सगळे फाटकात एकदमच पोहोचतात. १८० अंशांचा स्पंद ही ती शिट्टी. ती टीईच्या बरोबर निम्म्यावर वाजते आणि टीईला सिग्नल पुन्हा उसळतो. हा ‘एको’ एर्विन हान यांनी १९५० मध्ये दाखवून दिला. चुंबकाच्या क्षेत्रातल्या ठरावीक असमानतेमुळे झालेली पांगापांग अशी भरून निघते. मात्र वाटेत कुणी ओळखीचे भेटले म्हणून थांबलेला माणूस शिट्टी वाजली तरी वेळेवर पोहोचत नाही. रेणूंच्या आपसातल्या अशा अनियमित गाठीभेटींमुळे होणारा ऱ्हास म्हणजे खरा टी२. शिट्टी न वाजवता दिसणारा एकूण ऱ्हास म्हणजे टी२-स्टार, आणि तो नेहमीच जास्त वेगवान असतो.

जुन्या स्पिन एकोची अडचण वेळेची. स्कॅनला लागणारा वेळ म्हणजे टीआर गुणिले फेज-ओळी (चित्रासाठी एकेक करून भराव्या लागणाऱ्या सिग्नलच्या ओळी) गुणिले आवर्तने. कंबरेच्या मणक्याचे टी२ चित्र घेऊ: टीआर ३.५ सेकंद, २५६ ओळी, २ आवर्तने. गुणाकार १,७९२ सेकंद, म्हणजे जवळजवळ अर्धा तास, तोही एकाच सीक्वेन्सला. कंबर दुखते म्हणून आलेला माणूस तेवढा वेळ हलल्याशिवाय पडून राहील ही अपेक्षाच चुकीची. १९८६ मध्ये युर्गेन हेनिग आणि सहकाऱ्यांनी तोड काढली: एका ९० अंशी स्पंदामागे १८० अंशी स्पंदांची माळ लावायची आणि प्रत्येक एकोला वेगळी ओळ भरायची. माळेत १६ एको घेतले की तेच चित्र ११२ सेकंदांत निघते. यालाच फास्ट किंवा टर्बो स्पिन एको म्हणतात, आणि आज ‘टी२’ म्हणून हातात येणारी फिल्म बहुधा याचीच असते.

या घाईची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. माळेतल्या प्रत्येक एकोचा टीई वेगळा असल्यामुळे चित्राचा कस के-स्पेसच्या, म्हणजे या ओळी भरल्या जातात त्या तक्त्याच्या, मधल्या ओळी कोणत्या एकोने भरल्या यावर ठरतो. कन्सोलवर दिसतो तो ‘इफेक्टिव्ह टीई’. माळ फार लांबवली की शेवटच्या एकोंत दम उरत नाही आणि कडा धूसर होतात. दुसरे, चरबी अपेक्षेपेक्षा पांढरी राहते, त्यामुळे हाडातली सूज तिच्यात लपते. म्हणून चरबी दाबणारा सीक्वेन्स सोबत घ्यावाच लागतो. तिसरे, १८० अंशी स्पंदांचा मारा शरीर तापवतो. नेहमीच्या वापरात पूर्ण शरीरासाठी किलोमागे २ वॅट ही मर्यादा असते, आणि १.५ वरून ३ टेस्लाला गेले की त्याच स्पंदाची ऊर्जा जवळपास चौपट होते. यंत्र अडून बसले तर टीआर वाढवणे, काप कमी करणे किंवा १८० चा कोन १२० ते १५० वर आणणे हे उपाय.

आधी उलटवून: स्टर आणि फ्लेअर

९० अंशी स्पंदाआधी १८० चा स्पंद देऊन चुंबकत्व उलटे केले, तर प्रत्येक ऊतीचे चुंबकत्व उण्यातून अधिकात जाताना एका क्षणी शून्यावर येते. बरोबर त्या क्षणी वाचन सुरू केले की ती ऊती चित्रातून गायब. हा थांबण्याचा काळ म्हणजे टीआय, आणि टीआर पुरेसा लांब असेल तर तो टी१च्या ०.६९ पट येतो. चरबीसाठी १.५ टेस्लाला हा १५० ते १७० मिलिसेकंद: हा स्टर. मेंदूजलासाठीचा तो फ्लेअर. इथे ४,००० च्या ०.६९ पट म्हणजे २,७७० टाकून चालत नाही. टीआर ९,००० असताना पाणी पुरते भरलेलेच नसते, म्हणून शून्याचा क्षण अलीकडे, सुमारे २,३७० ला येतो. प्रोटोकॉलमधला टीआर कमी करून टीआय तसाच ठेवला की मेंदूजल अर्धवट करडे दिसू लागते, ते याचमुळे.

स्टर चरबीला ओळखत नाही, ओळखतो तो फक्त टी१. गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट औषधाचे इंजेक्शन दिल्यावर रोगट भागाचा टी१ घसरून चरबीच्या जवळ येतो आणि स्टरमध्ये नेमका तोच पुसला जाऊ शकतो. म्हणून स्टर इंजेक्शनच्या आधी. फ्लेअरचा फसवा प्रकार निराळा: भूल दिलेल्या रुग्णाला जास्त ऑक्सिजन चालू असेल तर मेंदूच्या खाचांतले पाणी पांढरे दिसते आणि रक्तस्रावाचा भास होतो.

ग्रेडियंट एको

इथे शिट्टीच नाही. ग्रेडियंट एकदा उलटा, एकदा सुलटा फिरवून एको उभा केला जातो आणि ९० ऐवजी लहान कोनाचा स्पंद पुरतो. टीआर २० मिलिसेकंद आणि ऊतीचा टी१ ८०० असेल तर सर्वांत जास्त सिग्नल सुमारे १३ अंशांना मिळतो. याला अर्न्स्ट कोन म्हणतात. १९८६ मध्ये गटिंगेनच्या फ्राम आणि हासे यांच्या गटाने ‘फ्लॅश’ आणला आणि पोटाचे स्कॅन एका श्वासात बसू लागले. १५ ते १८ सेकंद श्वास रोखायचा असतो. श्वास घेऊन रोखण्यापेक्षा सोडून रोखलेला बरा, कारण त्या वेळी यकृत दर खेपेला जवळपास त्याच जागी येते. दमेकऱ्याला किंवा म्हाताऱ्या माणसाला हे जमत नसेल तर १८ सेकंदांचा हट्ट धरू नये; ओळी कमी करून १२ वर आणलेले थोडे भरड चित्र हललेल्या चित्राहून शंभर पटीने कामाचे.

चरबी आणि पाणी यांतले प्रोटॉन किंचित वेगळ्या गतीने घिरट्या घालतात, १.५ टेस्लाला हा फरक सुमारे २२० हर्ट्झ. टीई २.३ मिलिसेकंदांना दोघे विरुद्ध कलेत असतात आणि ४.६ ला एकत्र येतात. यकृत पहिल्या चित्रात काळवंडले तर त्यात चरबी आहे. ३ टेस्लाला हेच आकडे निम्मे होतात, १.५ चा प्रोटोकॉल तसाच उचलून ३ टेस्लावर चालवला तर दोन्ही टीईंना दोघे एकत्रच येतात आणि विरुद्ध कलेचे चित्र मिळतच नाही. स्पिन एकोत ही युक्ती चालत नाही, कारण शिट्टी हाही फरक भरून काढते. वारंवारतेतल्या या फरकाला ‘रासायनिक सृति’ म्हणतात आणि तिचा मुंबईशी जवळचा धागा आहे. स्टॅनफर्डला १९५१ मध्ये अल्कोहोलच्या वर्णपटातली तीन वेगळी शिखरे दाखवणाऱ्या तिघांपैकी एक, एस. एस. धर्मट्टी, यांनीच पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चुंबकीय अनुस्पंदनाचे संशोधन उभे केले.

शिट्टी नसल्याचा तोटा हाच या सीक्वेन्सचा फायदाही ठरतो. रक्तातले लोह आणि कॅल्शियम आजूबाजूचे क्षेत्र बिघडवतात आणि तिथे काळा डाग पडतो. असे डाग आणखी ठळक दाखवणारा सुधारित प्रकार म्हणजे एसडब्ल्यूआय. आपल्याकडे फेफरे घेऊन येणाऱ्या रुग्णांत क्षयाची गाठ आणि टेपवर्मची गाठ हे नेहमीचे प्रश्न. वाळून कॅल्शियम झालेली जुनी गाठ टी२वर हुकते आणि एसडब्ल्यूआयवर ठळक दिसते. डाग रक्ताचा की कॅल्शियमचा हे फेज चित्रावरून कळते, पण कोणता काळा आणि कोणता पांढरा हे कंपनीगणिक उलटे असते. शिरांच्या रंगाशी ताडून मगच बोलावे.

ग्रेडियंट एकोचा आणखी एक भाऊ म्हणजे बॅलन्स्ड प्रकार. जीईच्या यंत्रावर तो फिएस्टा, सीमेन्सवर ट्रू-फिस्प, फिलिप्सवर बॅलन्स्ड एफएफई. धडधडते हृदय, कानाच्या नसा आणि गाठीच्या आतला जंताच्या डोक्याचा ठिपका पाहायला हा उत्तम. टीआर ५ मिलिसेकंदांच्या आत ठेवला नाही तर चित्रावर काळे पट्टे उमटतात.

ईपीआय आणि डिफ्युजन

१९७७ मध्ये पीटर मॅन्सफिल्ड यांनी मांडलेल्या ईपीआयमध्ये (एको-प्लॅनर इमेजिंग) एकाच स्पंदामागे अख्खा काप सुमारे १०० मिलिसेकंदांत टिपला जातो. डिफ्युजन स्कॅन यावर उभा आहे. दोन तगडे ग्रेडियंट दिले जातात. मधल्या काळात पाण्याचा रेणू जागेवरून हलला तर त्याचा सिग्नल जातो, अडकून पडला तर राहतो. या ग्रेडियंटचा जोर सांगणारा आकडा म्हणजे बी-मूल्य; ० आणि १,००० अशी जोडी नेहमीची. पक्षाघातात पेशी फुगून पाणी कोंडते आणि तो भाग काही मिनिटांतच पांढरा दिसू लागतो. फ्लेअरवर तेच दिसायला काही तास लागतात. म्हणून झोपेतून उठल्यावर हात लुळा असलेल्या रुग्णात डिफ्युजन पांढरे आणि फ्लेअर कोरे असेल, तर झटका ताजा, बहुधा साडेचार तासांच्या आतला, असे धरून रक्ताची गुठळी विरघळवण्याचा विचार करता येतो. डिफ्युजनमधला प्रत्येक पांढरा डाग मात्र ताजा झटका नसतो. लांब टी२ही पांढरा दिसतो. एडीसी नकाशात (पाणी किती मोकळे हलते ते दाखवणाऱ्या चित्रात) तोच भाग काळा असल्याशिवाय खात्री धरू नये.

आवाजात हा सीक्वेन्स सर्वांत कर्कश, कारण ग्रेडियंटच्या तारा सेकंदाला शेकडो वेळा झटके खातात. इथे एक गोष्ट नोंदवायला हवी: आवाज थांबला म्हणजे सीक्वेन्स थांबला, चुंबक नव्हे; ते लोखंडी वस्तू तेव्हाही खेचतच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेल्यामुळे एका नातेवाइकाचा जीव गेला.

चित्र बिघडते ते कशामुळे

ब्लाउजचे हूक, सेफ्टी पिन, जरीचा काठ, अंबाड्यातला आकडा: हे सगळे स्पिन एकोवर लहानसे भोक पाडतात, ग्रेडियंट एकोवर त्याचा मोठा काळा फुगा होतो आणि ईपीआयवर तर चेहराच वेडावाकडा होतो. पाठीच्या वरच्या मणक्यावर काळा गोळा दिसला तर आधी गाऊनखाली पाहावे. हाडात प्लेट-स्क्रू असेल तर वारंवारतेवर चालणारी चरबी-दाब पद्धत तिथे फसते, कारण स्क्रूजवळ चरबीची वारंवारताच सरकलेली असते; अशा वेळी स्टर घ्यावा, बँडविड्थ वाढवावी आणि एकोंमधले अंतर कमी करावे.

हालचालीची भुते, म्हणजे हललेल्या भागाच्या फिकट प्रतिमा, नेहमी फेज दिशेने उमटतात (चित्राची एक दिशा फेजने टिपली जाते, दुसरी फ्रीक्वेन्सीने). मानेच्या मणक्यात गिळण्याचे भूत मज्जारज्जूवर पडत असेल तर फेज आणि फ्रीक्वेन्सी दिशांची अदलाबदल करून ते बाजूला ढकलता येते. पुढे सॅच्युरेशन पट्टा (तिथला सिग्नल आधीच दाबून टाकणारा) लावला की बहुतेक निघूनच जाते. चित्रावर एका सरळ रेषेत ठिपक्यांची चेन दिसली तर दोष सीक्वेन्सचा नाही: बाहेरचा रेडिओ-सिग्नल आत शिरतो आहे. दार नीट लागले आहे का आणि दाराच्या कडेची धातूची पाती वाकली किंवा गंजली आहेत का, हे आधी तपासावे. तिरप्या रेघांचे जाळे अख्ख्या चित्रभर दिसले तर के-स्पेसमध्ये एखादा बिंदू भडकला आहे. खोलीत कुठेतरी सैल स्क्रू किंवा ठिणगी आहे आणि तो सीक्वेन्स पुन्हा घेऊनही तसाच येत असेल, तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलवावे लागते.