गच्चीवरची धाव आणि पाहत राहणारे शहर : 'मिरर्स एज'ची पार्श्वभूमी

स्टॉकहोमच्या डाइस या स्टुडिओने घडवलेला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने प्रकाशित केलेला 'मिरर्स एज' हा व्हिडिओ गेम नोव्हेंबर २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० या यंत्रांवर आला आणि जानेवारी २००९ मध्ये संगणकावर. त्यातले शहर बिननावाचे आहे. उंच पांढऱ्या इमारती, झळझळीत ऊन, कचऱ्याचा कण नसलेले रस्ते आणि गुन्हेगारी जवळजवळ संपलेली, असे ते नांदते शहर आहे. फक्त तिथला प्रत्येक दूरध्वनी आणि प्रत्येक ईमेल सत्तेच्या नजरेखालून जातो. ज्यांना आपला निरोप त्या नजरेपासून वाचवायचा असतो, ते तो 'रनर' म्हणवणाऱ्या धावपटूंच्या हाती देतात आणि हे धावपटू रस्त्याने न जाता गच्च्यांवरून, पाइपांवरून, क्रेनच्या दांड्यांवरून तो मुक्कामी पोहोचवतात. नायिका फेथ कॉनर्स ही अशीच एक रनर. तिची बहीण केट पोलिसांत आहे, आणि महापौरपदाचे उमेदवार रॉबर्ट पोप यांच्या खुनात केटला गोवले जाते, तिथून कथा वेग घेते.

कथा तशी साधी आहे आणि प्रसिद्धीच्या वेळी अनेक समीक्षकांनी तिच्यावर बोटही ठेवले. तरीही हा गेम टिकून राहिला, याचे कारण त्यात दोन वेगळे इतिहास एकत्र आले आहेत, असे मला वाटते. एक इतिहास अडथळ्यांवरून धावण्याचा, दुसरा माणसांवर लक्ष ठेवण्याचा. लोकांचे जीव वाचवणे हा हेतू या दोन्ही इतिहासांत आहे, आणि ते नीट पाहिल्याखेरीज या गेमचे वजन कळत नाही.

८ मे १९०२ रोजी कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटावर पेले पर्वताचा उद्रेक झाला आणि सेंट पिएर हे शहर जवळपास सगळ्या रहिवाशांसह नष्ट झाले. त्या वेळी तिथल्या बचावकार्यात जॉर्ज एबेर हा तरुण फ्रेंच नौदल अधिकारी होता. संकटात शरीर चपळ नसेल तर धैर्यही निकामी ठरते, हे त्याच्या मनावर ठसले. पुढे त्याने धावणे, उडी मारणे, चढणे, तोल सांभाळणे, ओझे उचलणे, पोहणे अशा स्वाभाविक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती मांडली. बलवान व्हायचे ते उपयोगी पडण्यासाठी, हे तिचे ब्रीद. याच विचारातून फ्रेंच सैन्याचे अडथळ्यांचे प्रशिक्षण वाढले. व्हिएतनाममध्ये जन्मलेला आणि लहानपणी लष्करी शाळेत वाढलेला रेमों बेल त्या शिस्तीत तयार झाला, पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात नावाजला आणि त्याने ती विद्या आपला मुलगा डेव्हिड याला दिली.

डेव्हिड बेल आणि त्याच्या मित्रांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पॅरिसजवळच्या लिस या उपनगरात या विद्येला आजचे रूप दिले; शहरातले अडथळे धावत, चढत, उड्या मारत पार करण्याच्या या कलेला 'पार्कोर' म्हणतात. तळ्याकाठची 'दाम द्यु लाक' ही शिल्पासारखी उंच चढाईची भिंत त्यांच्या सरावाचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध झाली. कठडे, जिने आणि सार्वजनिक इमारतींच्या भिंती हीच त्यांची व्यायामशाळा होती, आणि शहराने आखून दिलेल्या वाटेऐवजी स्वतःची वाट काढणे ही त्यांची दृष्टी. यामाकासी नावाचा त्यांचा गट पुढे फुटला, सेबास्तियां फुकांने 'फ्रीरनिंग' ही वेगळी वाट धरली, आणि २००० नंतर चित्रपट व माहितीपटांमुळे पार्कोर जगभर पोहोचला. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनने त्याला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली.

शरीराच्या अशा शिस्तीचे नाशिककरांना नवल वाटू नये. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभट दादा देवधर यांची आख्यायिका याच मुलखातली आहे. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान त्यांनी स्वीकारले, वणीच्या सप्तशृंगीगडावर देवीची उपासना केली आणि तिथेच त्यांना खांबावरच्या उड्यांची विद्या स्फुरली, असे परंपरा सांगते. शहरातल्या यशवंत व्यायामशाळेत मुले आजही मल्लखांबावर चढतात. पार्कोर आणि मल्लखांब यांचा थेट संबंध नाही आणि ओढूनताणून तो जोडूही नये. पण उंचावरच्या पकडीत आणि उतरताना शरीर सांभाळण्यात काय लागते, हे ज्याने लहानपणी वस्तादाच्या नजरेखाली अनुभवले आहे, त्याला फेथच्या हालचाली खोट्या वाटत नाहीत.

त्या खोट्या वाटू नयेत म्हणून स्टुडिओने घेतलेले कष्ट सविस्तर सांगण्यासारखे आहेत. डाइसची ओळख तोवर 'बॅटलफील्ड' या युद्धाच्या मालिकेमुळे होती. नायकाच्या नजरेतून दिसणारे गेम म्हणजे पडद्याच्या तळाशी बंदूक आणि तिच्यामागे तरंगणारी नजर, असा तेव्हाचा रिवाज होता. दुसरीकडे भिंतींवर चढणारे 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' (२००३) किंवा 'असॅसिन्स क्रीड' (२००७) हे गेम नायकाला पाठीमागून दाखवत. 'मिरर्स एज'ने नजर नायिकेची ठेवली आणि तिला शरीर दिले. धावताना हात मागेपुढे होताना दिसतात, खाली पाहिले की पाय दिसतात, वेग वाढला की श्वास जड होतो, आणि उंचावरून पडताना वाऱ्याचा आवाज कानात भरतो. जमिनीला टेकण्याच्या नेमक्या क्षणी खेळाडूने बटण दाबले तर फेथ कोलांटी घेते आणि तिचा वेग शाबूत राहतो. क्षणभर उशीर झाला तर ती धपकन आदळते, नजर हिंदकळते आणि पाठलाग करणारे जवळ येतात. खऱ्या पार्कोरमध्येही ही कोलांटी एका खांद्यापासून विरुद्ध कमरेपर्यंत तिरपी घेतात, म्हणजे आघात मणक्यावर येत नाही.

अशा हलत्या नजरेने अनेकांना मळमळते. त्यावर उपाय म्हणून पडद्याच्या मध्यभागी एक बारीक ठिपका ठेवला, ज्यावर डोळा स्थिर राहतो. गोळ्यांचे आकडे, नकाशा, प्रकृतीची पट्टी असे काहीही पडद्यावर नाही. वाट दाखवण्याचे काम रंग करतात : पांढऱ्या गच्चीवरचा एखादा दरवाजा, पाइप किंवा फळी लाल होते आणि अनुभवी रनरला शहर कसे दिसत असेल ते खेळाडूला दिसते. पांढरा, लाल, निळा, नारिंगी हे रंग ठळक आहेत आणि हिरवा जवळजवळ हद्दपार आहे. त्या शहरात काय हरवले आहे, हे पात्रांच्या बोलण्यापेक्षा मला त्या एका गोष्टीने अधिक सांगितले. फेथ पोलिसाची बंदूक हिसकावू शकते, पण जड बंदूक तिचा वेग मारते, आणि गोळ्या संपल्या की ती पुन्हा भरता येत नाही, टाकूनच द्यावी लागते. एकही गोळी न झाडता पूर्ण गेम पार करता येतो.

रनरची कल्पना मात्र गेमपेक्षा कितीतरी जुनी आहे. पेशवाईच्या पत्रव्यवहारात 'जासूदजोडी', म्हणजे पायी निरोप नेणाऱ्या दोन जासुदांची जोडी, पाठवल्याचे उल्लेख जागोजागी येतात. मजकुराइतकाच तो नेणाऱ्या पायांवर कारभाराचा भरवसा होता. तारा आल्या तशी तारांवरची नजरही आली. १८८५ च्या भारतीय तार कायद्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ते ब्राउनिंग पिस्तूलही टपालाने नव्हे, तर माणसाच्या हातून आले होते; चतुर्भुज अमीन यांनी लंडनहून पेटीत लपवून आणलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते होते. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे १९७५ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, तेव्हा भूमिगत पत्रके पुन्हा हातोहात फिरू लागली. म्हणून इंटरनेटच्या काळात पायी निरोप नेणारी फेथ मला भविष्यातली कमी आणि परिचित परंपरेतली अधिक वाटते.

गेम आला ते वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. १८ जून २००८ रोजी स्वीडिश संसदेने देशाच्या सीमा ओलांडणारी केबलवरील दळणवळणे तपासण्याचा अधिकार संरक्षण खात्याच्या रेडिओ संस्थेला देणारा कायदा मंजूर केला आणि त्याविरुद्ध तिथे मोठे वादळ उठले. गेमची घोषणा त्याआधी २००७ मध्येच झाली होती, त्यामुळे एकातून दुसरे जन्मले असे म्हणता येणार नाही. पण ज्या स्टॉकहोममध्ये हा गेम घडवला जात होता, तिथे हाच वाद पेटला होता, हे खरे. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबई हल्ला गेम प्रकाशित झाल्यावर काही दिवसांतच झाला. पाठोपाठ डिसेंबरमध्ये संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती करून ६९ व्या कलमाखालील टेहळणीचे अधिकार रुंदावले. मुंबईभर कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्याचा निर्णयही त्याच हल्ल्याच्या चौकशीतून पुढे आला.

दुसरा भाग 'मिरर्स एज कॅटलिस्ट' जून २०१६ मध्ये आला, तेव्हा अमेरिकी सरकारच्या टेहळणीविषयी एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये केलेल्या गौप्यस्फोटाला तीन वर्षे झाली होती. त्यात फेथची कथा नव्याने सुरू होते, शहराला 'ग्लास' हे नाव मिळते आणि सत्ता महापौराऐवजी बड्या कंपन्यांच्या समूहाकडे असते. फेथला यात बंदूक वापरताच येत नाही. शहर खुले, विस्तीर्ण आहे, पण पहिल्या गेमची घट्ट आखणी त्यात विरली, असे माझे मत आहे.

नाशिकचा स्वतःचा कॅमेऱ्यांचा इतिहासही एका दुर्घटनेपासून मोजावा लागतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. २०१५ च्या सिंहस्थात म्हणूनच गर्दीच्या नियोजनावर कमालीचा भर होता, घाटांवर आणि मार्गांवर सीसीटीव्ही होते, नियंत्रण कक्ष होता. त्या वेळची एक वस्तू मला विशेष महत्त्वाची वाटते. मूळचे नाशिकचे, अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'कुंभथॉन' उपक्रमात नाशिकच्या तरुणांनी 'आशिओतो' नावाची चटई बनवली. वाटेत अंथरलेल्या या चटईत दाब ओळखणारे सेन्सर होते. वरून गेलेली पावले ती मोजत असे आणि कोणत्या वाटेने किती माणसे जात आहेत, हे प्रशासनाला लगेच कळत असे. गर्दी धोक्याच्या पातळीला पोहोचते आहे का, याचे उत्तर ती चेहरा न पाहता, नाव न विचारता देत होती.

सप्टेंबर २०१६ मध्ये नाशिकची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि त्यावरील मर्यादा कायद्याने घातलेली, रास्त हेतूची व प्रमाणात असलेली हवी, अशी भूमिका घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा झाला, तरी त्याच्या सतराव्या कलमानुसार सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार अधिसूचित करील त्या सरकारी यंत्रणांना त्यातून सूट आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीत आणि गोदाघाटावर लागणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याबाबत नाशिककरांनी विचारायला हवे ते असे : चित्रण किती दिवस साठवले जाणार, त्याला चेहरा ओळखणारी प्रणाली जोडलेली आहे का, चित्रण पाहण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, आणि शेवटची पर्वणी आटोपल्यावर त्यांतले किती कॅमेरे उतरवले जाणार.