दोनशे वर्षं जगणारा देवमासा

२००७ साली अलास्काच्या उत्तर टोकाला, बॅरो गावाजवळ (आता त्याला उत्कियाग्विक म्हणतात) इन्युपियाट (तिथले मूळ रहिवासी) शिकाऱ्यांनी एक बोहेड देवमासा मारला आणि तो कापताना आत स्फोटक भाल्याचा एक जुना तुकडा सापडला. तो भाला अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बनलेला, म्हणजे हा जीव निदान शंभर वर्षं ते लोखंड अंगात घेऊन पोहत होता! त्याच्याही आधी, १९९९ मध्ये, डोळ्याच्या भिंगातल्या रसायनावरून वय काढलं तेव्हा एकाचं वय २०० च्या वर निघालं होतं.

हा पूर्ण आयुष्य आर्क्टिकच्या बर्फाळ पाण्यात काढतो, लांबी १८ मीटरपर्यंत, पाठीवर पर नाही, आणि डोकं इतकं दणकट की श्वास घ्यायला खालून बर्फ फोडतो. कातडीखाली जवळजवळ अर्धा मीटर जाड चरबी. तोंडात दात नाहीत, त्याऐवजी तीन-चार मीटर लांब बालीनच्या (नखासारख्या लवचिक पदार्थाच्या) पट्ट्या, ज्यातून पाणी गाळून तो तांदळाच्या दाण्याएवढे कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले इवले जीव) खातो.

हीच चरबी त्याच्या मुळावर आली. पोहायला संथ, मेला की तरंगतो, एकातून पिंपंच्या पिंपं तेल, शिकाऱ्याला अजून काय हवं? १६०० नंतर डच आणि इंग्रजांनी स्पिट्सबर्गन (नॉर्वेच्या उत्तरेचं आर्क्टिक बेट) इथले संपवत आणले, मग १८४८ मध्ये अमेरिकन कॅप्टन थॉमस रॉइसचं जहाज अलास्का आणि रशियामधल्या बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे पोचलं आणि तिकडचेही मारायला सुरुवात झाली. दिव्यांसाठी रॉकेल आल्यावर देवमासे वाचले असं आपण नेहमी वाचतो पण बोहेडच्या बाबतीत ते खरं नाही. तेलाचा भाव पडला तरी कॉर्सेट (बायकांची कंबर आवळणारी चोळी) आणि छत्र्यांच्या काड्यांसाठी बालीनला प्रचंड पैसा मिळत होता, त्यामुळे जहाजं जातच राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालीनच्या जागी स्प्रिंग स्टील (लवचिक पोलाद) आलं, फॅशन बदलली, तेव्हा कुठे ते थांबलं.

मादी वयात यायलाच वीसेक वर्षं लागतात आणि मग पिल्लू तीन-चार वर्षांतून एकच, त्यामुळे झालेली हानी भरून यायला माणसाच्या कित्येक पिढ्या जातात. पण एवढं मोठं शरीर, एवढ्या पेशी, तरी कॅन्सर फार क्वचित, हे कसं? २०२५ मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं की याच्या पेशी तुटलेला डीएनए खूप चांगला जोडतात आणि त्यात सीआयआरबीपी नावाच्या प्रोटीनचा मोठा हात आहे, जे थंडीत वाढतं.

१९७७ मध्ये शास्त्रज्ञांना अलास्काकडे जेमतेम हजारभर देवमासे उरलेत असं वाटलं आणि इन्युपियाटांची पारंपरिक शिकारही बंद करायचं ठरलं. शिकारी सांगत होते, तुमची मोजणी चुकतेय, ते बर्फाखालून जातात, तुम्हाला दिसत नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे पाण्याखाली मायक्रोफोन सोडून त्यांचे आवाज मोजले तेव्हा शिकाऱ्यांचंच बरोबर निघालं. आज तिकडे दहा हजारांच्या वर बोहेड आहेत, आणि इन्युपियाट ठरलेल्या कोट्यात शिकार करतात. स्पिट्सबर्गनकडे मात्र अजून काहीशेच.