टाकी मोठी म्हणून काँप्रेसर अखंड चालेल?

स्प्रे गननं रंग मारायला लागणारी दाबाची हवा एअर काँप्रेसर देतो. त्याबद्दल "टाकी मोठी घ्या, मग दिवसभर स्प्रे मारा" हा सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. पण टाकी हवा साठवते, तयार करत नाही. ५० लिटरच्या टाकीतला दाब ८ बारवरून (बार म्हणजे दाबाचं एकक) ४ वर येईपर्यंत जेमतेम २०० लिटर मोकळी, म्हणजे बाहेरच्या साध्या दाबाची, हवा मिळते. मिनिटाला २०० लिटर खाणारी गन तेवढ्यावर मिनिटभर चालते. पुढे सगळा भार पंपावर.

पडताळायचं तर हीच टाकी रिकामी करून ८ बारपर्यंत भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. चार मिनिटं लागली, तर पंप मिनिटाला सरासरी १०० लिटरच देतोय. मग मोटर कट-ऑफ (टाकी भरल्यावर आपोआप बंद) होतच नाही, पंपाचं हेड (वरचा भाग) तापतं आणि गरम हवेतली वाफ होजमध्ये (हवेच्या नळीत) पाणी होऊन रंगावर फोड आणते. अशा वेळी एक पॅनल (एक सपाट भाग) मारून थांबा, मोटर आपोआप बंद पडू द्या.