मारांडी : तिवरांच्या पायाशी फुलणारे निळे झुडूप

ऐरोली-विक्रोळीच्या खाडीकाठाने उन्हाळ्यात जांभळट-निळी फुले दिसली, तर ती बहुधा मारांडीची. खारफुटीतले हे झुडूप साधारण मीटर-दीड मीटर उंच, वर्षानुवर्षे टिकणारे. फुलाला वरची पाकळी जवळजवळ नसतेच. खालचा एकच रुंद ओठ, त्यावर चार केसाळ पुंकेसर. भुंगे याच ओठावर उतरतात.

कागदोपत्री नोंद जुनी आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाच्या १६७९ सालच्या दुसऱ्या खंडात मलबारी नावासह तिचे चित्र छापले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला अकँथस इलिसिफोलियस म्हटले, म्हणजे इलेक्ससारख्या पानांची. ‘होली मँग्रोव्ह’ या तिच्या इंग्रजी नावातला ‘होली’ही तोच काटेरी पानांचा इलेक्स. ‘पवित्र खारफुटी’ हे भाषांतर निव्वळ कानाच्या चुकीतून आलेले.

मुंबईत तिचा इतिहास भरतीच्या पाण्याशी बांधलेला आहे. बेटे जोडण्यासाठी बांध पडले, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, पुढे खाजणे भरून वस्त्या उभ्या राहिल्या. बांधामागे भरती पोहोचली नाही की चिखल उन्हाने तडकतो, क्षार साचतात आणि तिवर या खारफुटीच्या झाडाची रोपे जगत नाहीत. पण भरती चालू असताना नुसती तिवरे तोडली, तर उघड्या चिखलावर मारांडी झपाट्याने पसरते. तिला ऊन हवे असते आणि टेकलेल्या फांद्यांना पेरापेरांतून मुळे फुटतात. म्हणून मारांडीची सलग जाळी दिसली, की तिथे पूर्वी तोड झाली होती का, हे आधी तपासावे.

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेत खारफुटीला संरक्षण मिळाले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तोडीवर बंदी घातली आणि खारफुटीपासून ५० मीटरच्या आत बांधकाम रोखले. २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष सुरू झाला. हे सगळे खारफुटीच्या नावाने झाले, तरी बोलण्यात तिवरच राहिली. मारांडी ‘काटेरी झुडूप’ म्हणून बाजूला पडली.

ओळखताना एक घोटाळा होतो. काटे उन्हातल्या आणि खाऱ्या जागेतल्या पानांना जास्त असतात. सावलीत किंवा गोडे पाणी मिसळणाऱ्या ओहोळाकाठी पाने गुळगुळीत कडांचीही निघतात. तेव्हा नुसत्या काट्यांवर विसंबू नये. कोरड्या दिवशी पानावर मिठाचे बारीक कण दिसतात. पान जादा मीठ ग्रंथींतून बाहेर टाकते. पण हे तिवरही करते, म्हणून फूल किंवा बोंड पाहावे.

बोंड अडीच-तीन सेंटिमीटरचे, आत जास्तीत जास्त चार चपट्या बिया. वाळले की ते तडकून फुटते आणि बिया दूर उडतात. बी गोळा करायचे तर बोंड तपकिरी पडण्याआधीच तुऱ्यावर पातळ कापडी पिशवी बांधावी, नाहीतर हाती रिकाम्या टरफलांशिवाय काही लागत नाही. बी फार काळ साठवू नये. ताजेच खाडीच्या चिखलात वरच्यावर टोचावे. लावणीच्या जागी तिवरांची रोपे असतील, तर मारांडीची जाळी मुळासकट उपटू नये, चिखल सुटतो. रोपाभोवती ऊन पोहोचेल एवढीच छाटणी करावी.