नाव क्षुधानाशाचं, आजार भुकेचा

"श्रीमंताघरच्या मुलींचं खूळ." "बारीक दिसायची हौस, दुसरं काय!" "आईचं लक्ष नाही." "मनावर घेतलं तर आजपासून जेवेल." खाण्याच्या विकारांचा, त्यातही ॲनोरेक्सियाचा, म्हणजे माणूस खाणं टाळत खंगत जातो त्या आजाराचा, विषय निघाला की ही चार वाक्यं ठरलेली. ती अडाणीपणातून आली असं आपण धरून चालतो. पण तसलं काही ना काही एकेकाळी डॉक्टरांनीच लिहून ठेवलं होतं. पुढच्या डॉक्टरांनी ते खोडलं, घराघरांत मात्र ते तसंच राहिलं.

लंडनच्या एका वैद्यानं १६८९ साली क्षयावर ग्रंथ लिहिला. त्यात ताप नाही, खोकला नाही, तरी झिजत चाललेले दोन रुग्ण आहेत: एक अठरा वर्षांची मुलगी आणि एक सोळा वर्षांचा मुलगा. या आजाराचं हे बहुधा पहिलं वैद्यकीय वर्णन मानलं जातं, आणि त्यात मुलगा आहे. "हा बायकांचा आजार" म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

नाव पडलं ते १८७३ साली. त्या एकाच वर्षी पॅरिस आणि लंडनमधल्या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे हा आजार मांडला. पॅरिसच्या डॉक्टरनं त्याला हिस्टेरियाच्या, म्हणजे तेव्हा बायकांचाच मानल्या जाणाऱ्या मनोविकाराच्या, खात्यात टाकलं. लंडनच्या डॉक्टरनं पाच वर्षांपूर्वी अपचनाच्या अर्थाचं नाव सुचवलं होतं. पण खाल्लेलं नीट पचतंय हे पाहून त्यानं ते मागे घेतलं. हिस्टेरिया हा शब्दही त्याला नको होता, कारण हा आजार पुरुषांनाही होतो असं त्यानं स्पष्ट लिहिलं. शेवटी त्यानं ठरवलं 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा'. ग्रीकमध्ये 'ओरेक्सिस' म्हणजे भूक, वासना. ती नाही तो ॲनोरेक्सिया. मराठीत त्याचा 'क्षुधानाश' झाला.

एवढा काळजीपूर्वक निवडलेला शब्द, आणि नेमका तोच चुकीचा! कावीळ, टीबी, मुरलेला ताप यांत अन्नावरची वासना उडते. तिथे ॲनोरेक्सिया हा शब्द चपखल बसतो आणि डॉक्टर आजही केसपेपरवर त्याच अर्थानं तो लिहितात. म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ, तेही एकमेकांच्या उलट. कारण ॲनोरेक्सिया नर्व्होसात भूक मरत नाही. निदान सुरुवातीची बरीच वर्षं तरी नाही. पोटात कावळे ओरडत असतात आणि माणूस त्यांना गप्प करत बसलेला असतो.

म्हणून आई बुचकळ्यात पडते. "हिला खाण्याचा कंटाळा कसला हो, दिवसभर मोबाइलवर रेसिपीच बघत असते." सणाला पुरण हीच वाटते, सगळ्यांना आग्रहानं वाढते, पोळीवर तूपही सढळ हातानं घालते. स्वतःच्या ताटात चतकोर पोळी. तिचे नखाएवढे तुकडे होतात, एक तुकडा आमटीत बुडतो, बाहेर येतो, पुन्हा बुडतो. सगळे उठेपर्यंत हे चालू. मग ताट घेऊन उठणारी पहिली हीच. क्षुधानाश हा शब्द डोक्यात असेल तर हे ढोंग वाटतं. आजार ठाऊक असेल तर ही भूकच आहे हे कळतं.

याचा पुरावा १९४४-४५ मध्येच मिळाला होता. युद्धानं उपाशी ठेवलेल्या युरोपला सावरायचं कसं, हे शोधायला अमेरिकेत मिनेसोटात ३६ धडधाकट तरुण सहा महिने अर्धपोटी ठेवले. सडपातळ व्हायचं यातल्या कुणाच्याही मनात नव्हतं. तरी काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, एकेका घासाला वेळ लावू लागले, ताटं चाटू लागले. मन कुढं, चिडकं झालं. आजाऱ्याचा 'स्वभाव' म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंच काही उपासमारीनंच घडवलेलं असतं.

त्याआधीची काही दशकं तर मेंदूतल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या आजाराशी याचा घोळ घालण्यातच गेली. १९७९ मध्ये लंडनहून बुलिमियाचं, म्हणजे अधाशासारखं खाऊन मग ते उलटून टाकण्यासारख्या उपायांनी भरून काढण्याच्या आजाराचं, वर्णन आलं आणि वजन सर्वसाधारण असूनही माणूस गंभीर आजारी असू शकतो, हे कागदावर आलं.

खरा वाद पुढे झाला, तो पाळीवरून. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८७ साली अट आली की ॲनोरेक्सिया ठरवायला बाईची लागोपाठ तीन वेळा पाळी चुकलेली हवी. पाळी जाणं हे हाडं ठिसूळ होत असल्याचं लक्षण आहे, ते काढू नये, असं अट राखू पाहणाऱ्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य होतं. पण गंभीरपणाची खूण वेगळी आणि निदानात बसण्याची अट वेगळी. पाळी चालू असलेली, तितकीच खंगलेली मुलगी 'इतर' या रकान्यात जाऊन पडायची. पुरुषांना ती अट कागदोपत्री लागू नव्हती, पण यादीत पाळी असलेला आजार मुलात शोधणार कोण? २०१३ मध्ये ती अट गेली. सव्वीस वर्षं लागली. त्याच वेळी जेवायला 'नकार' हा शब्दही काढला, कारण त्यातून हट्टाचा वास येत होता. बिंज ईटिंगला, म्हणजे ताबा सुटून वारंवार भरमसाट खाण्याच्या विकाराला, स्वतंत्र स्थान मिळालं. तरी एक खोट उरलीच: मूळचं वजन जास्त असलेला माणूस झपाट्यानं उतरला, पण दिसायला 'हाडाचा सापळा' झाला नाही, तर तो अजूनही 'वेगळ्या प्रकारचा'. त्याचं हृदय मात्र तितकंच धोक्यात असतं.

जाड होण्याची भीती हीच मुख्य खूण, हेही आशियात डळमळलं. १९९३ मध्ये हाँगकाँगमधल्या ७० रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना ती भीती नव्हती. पोट फुगतं, हे त्यांचं कारण. १९९५ मध्ये भारतातून पाच तरुणींची नोंद आली: जेवण बंद, उलट्या, वजन उतरलेलं, पण जाडीबद्दल चकार शब्द नाही. आपल्याकडे 'पित्त होतं' आणि 'आज उपास आहे' ही दोन वाक्यं पुरतात. सोमवार, चतुर्थी, एकादशी पाळणाऱ्या घरात तिसरा उपास कोण मोजतो?

आणि आईचं लक्ष? नातेवाईक हे सर्वांत वाईट शुश्रूषा करणारे, असं १८७३ च्या त्याच लंडनच्या डॉक्टरनं लिहिलं आणि शतकभर मुलांना घरापासून तोडणं हाच उपचार ठरला. १९८७ मध्ये लंडनमध्येच उलटा प्रयोग प्रसिद्ध झाला: आईवडिलांनाच उपचारात घ्यायचं. किशोरवयीन मुलांसाठी आज हाच मार्ग आधी सुचवला जातो. २०१९ मध्ये जनुकांचा मोठा अभ्यास आला, त्यात या आजाराचे धागे मनाइतकेच चयापचयाशीही जुळलेले दिसले. अर्थात "दोन दिवस दाबून जेवू घाला" हा उपाय नव्हेच. फार खंगलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जीव जाऊ शकतो, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पुढे घरी ताट आई किंवा बाबा वाढतात, किती ते त्यांनी ठरवायचं, आणि शेवटचा घास संपेपर्यंत समोर बसून राहायचं. दिवसातून पाच-सहा वेळा, कित्येक महिने.