ब्रिटनमध्ये स्वतःची छोटी सेलबोट: नोंदणी कुणाला करता येते आणि कागद कोणते लागतात

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये स्वतःची सेलबोट नोंदवता येते का, असं इथे नव्याने आलेले लोक हमखास विचारतात. येते. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, वकील लागत नाही आणि सगळ्यात साधी नोंदणी घरबसल्या ३५ पौंडांत होते. घोळ होतो तो दुसरीकडेच. त्या ३५ पौंडांच्या कागदालाच लोक मालकीचा कागद समजून बसतात आणि खरे मालकीचे कागद विकणाऱ्याकडून मागून घ्यायचे राहून जातात. म्हणून खाली नोंदणीइतकीच जागा खरेदीच्या फायलीलाही दिली आहे.

मुळात नोंदणी लागते का?

तुमची बोट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सोलेंटमध्ये, पूल गावाच्या बंदरात किंवा स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या मुखाशी फिरणार असेल आणि ब्रिटनच्या हद्दीबाहेर जाणार नसेल, तर राष्ट्रीय नोंदणी सक्तीची नाही. समुद्रात खासगी बोट चालवायला लायसन्सही लागत नाही. रस्त्यावर स्कूटर चालवायला परीक्षा आणि समुद्रात आठ मीटरची यॉट हाकायला काहीच नको, हे ऐकून आपल्याकडच्या माणसाचा विश्वास बसत नाही. पण आहे ते असं आहे. १३.७ मीटरपेक्षा कमी लांबीच्या खासगी बोटीवर लाइफजॅकेट, संकटात पेटवायचे फ्लेअर वगैरे सामान ठेवण्याचीही कायद्याने सक्ती नाही. ते न ठेवता निघणं हा शुद्ध वेडेपणा, ही गोष्ट वेगळी. टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम मात्र तुमच्या बोटीलाही लागू असतात, आणि निघण्यापूर्वी हवामान, भरती-ओहोटी व मार्ग यांचा विचार करून प्रवासाची आखणी करणं हे कायदेशीर बंधन आहे.

कालवे आणि नद्यांचं गणित वेगळं. तिथे त्या त्या पाण्याची देखभाल करणाऱ्या संस्थेचा परवाना घ्यावाच लागतो: बहुतेक कालव्यांसाठी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट, टेडिंग्टनच्या वरच्या बाजूच्या थेम्ससाठी एन्व्हायर्न्मेंट एजन्सी, नॉरफोकच्या ब्रॉड्ससाठी ब्रॉड्स अथॉरिटी. इंजिन किंवा गॅसची शेगडी असलेल्या बोटीला तिथे बहुधा बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्रही लागतं. ते चार वर्षं चालतं. थर्ड पार्टी विमा तर हवाच. समुद्रावरच्या बोटीला असं सक्तीचं तपासणीपत्र नाही.

मग नोंदणी कशासाठी? परदेशासाठी. इंग्लिश चॅनल ओलांडून फ्रान्सच्या बंदरात शिरलात की तिथला अधिकारी पहिल्यांदा बोटीचं राष्ट्रीयत्व विचारतो. ते दाखवायला नोंदणीचा कागद लागतो, आणि तो मूळ प्रतीतच बोटीवर असलेला बरा.

पात्रता

खासगी छोट्या बोटींसाठी ब्रिटिश नोंदवहीचा तिसरा भाग आहे. त्याला स्मॉल शिप्स रजिस्टर, थोडक्यात एसएसआर म्हणतात. काम मेरिटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सीच्या अखत्यारीतल्या यूके शिप रजिस्टरकडे असतं. बोट २४ मीटरपेक्षा लहान हवी आणि मालक व्यक्ती हवी, कंपनी नाही. मालकांच्या पात्र प्रकारांत ब्रिटिश नागरिकांबरोबर कॉमनवेल्थ देशांचे नागरिकही येतात, आणि प्रजासत्ताक होऊनही भारत कॉमनवेल्थमध्ये राहिला तो १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यामुळे. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या त्या तडजोडीचा असा उपयोग होईल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असेल असं वाटत नाही.

दुसरी अट रहिवासाची. मालक ब्रिटनचा नेहमीचा रहिवासी हवा. व्यवहारात याचा अर्थ वर्षातले किमान १८५ दिवस इथे राहणं. बोट एकापेक्षा जास्त जणांच्या नावावर असेल तर ही अट प्रत्येकाला लागते. रत्नागिरीतल्या भावाने निम्मे पैसे घातले म्हणून त्याचं नाव सहमालक म्हणून टाकायला गेलात, तर अर्ज तिथेच अडेल. पैशांचा व्यवहार भावाशी वेगळ्या कागदावर करा.

कर्ज काढून बोट घेणाऱ्यांनी मात्र तिसऱ्या भागाच्या नादी लागू नये. बोट तारण ठेवल्याची नोंद या भागात होतच नाही, त्यामुळे कर्ज देणारा नोंदवहीच्या पहिल्या भागातली नोंदणी मागतो. कंपनीच्या नावावर बोट घ्यायची असेल तरी पहिलाच भाग. तिथला खर्च कित्येक पट आणि कागदही भरपूर: पात्रतेचं घोषणापत्र, नव्या बोटीसाठी बांधणाऱ्याचं प्रमाणपत्र, जुन्या बोटीसाठी मागच्या पाच वर्षांच्या मालकीची विक्रीपत्रं, टनेज, म्हणजे बोटीच्या आतल्या जागेचं माप, मोजल्याचा दाखला, आणि मिळालेला अधिकृत क्रमांक बोटीवर कोरल्याची नोंद. तिथे मालकी ६४ हिश्श्यांत मोजतात. नवरा-बायकोच्या नावावर ३२-३२ किंवा एकत्रित ६४, असा हिशेब असतो.

अर्ज

अर्ज ऑनलाइन, सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावरूनच करा. गूगलवर शोधलं की सरकारी वाटणारी खासगी पानंही समोर येतात आणि त्याच कामाचे दामदुप्पट पैसे घेतात. फॉर्म छोटा आहे. मालकाचं नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व; बोटीचं नाव, प्रकार, बनावट, बांधणीचं वर्ष, एकूण लांबी, हल (पाण्यात बसणारं बोटीचं मुख्य अंग) किती आणि कशाचे, हल क्रमांक, आणि आधी नोंदणी झाली असल्यास जुना क्रमांक. शेवटी पात्रतेची घोषणा आणि फी. विक्रीपत्र जोडावं लागत नाही. इथेच खरी मेख आहे, त्याबद्दल पुढे.

लांबी लिहिताना मरिनाचं, म्हणजे बोटी भाड्याने उभ्या करायच्या बंदराचं, बिल समोर ठेवू नका. मरिनावाले नाळेपुढे आलेला दांडा (बोस्प्रिट), मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन, सगळं धरून मीटर मोजतात, कारण भाडं मीटरवर असतं. बोट बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकातली लांबी घ्या किंवा स्वतः फीत लावून हलची मोजा.

नावाला या भागात फारसं बंधन नाही. त्याच नावाच्या दुसऱ्या बोटी असल्या तरी चालतं. फक्त अश्लील किंवा संकटाच्या हाकेशी गोंधळ होईल असं नाव नको. मराठी नाव जरूर ठेवा, पण ते रोमन अक्षरांत लिहून एकदा मोठ्याने स्पेल करून बघा. रेडिओवर वाऱ्यात ते अक्षर-अक्षर सांगावं लागणार आहे. ‘वाघीण’ ठेवलंत तर व्हिस्की, अल्फा, गोल्फ, होटेल, इंडिया, नोव्हेंबर: सहा शब्दांत काम होतं. ‘समुद्रकन्यका’ म्हणाल तर कोस्टगार्डचा माणूस तिसऱ्यांदा विचारेल.

हल क्रमांक बोटीच्या मागच्या सपाट भागावर, उजव्या बाजूला वरच्या कडेजवळ शोधा. १६ जून १९९८ नंतर विकायला आलेल्या बोटींवर तो असायलाच हवा. त्यात १४ अक्षरं-अंक असतात: पहिली दोन देशाची, पुढची तीन बनवणाऱ्याची, मग पाच त्या बोटीच्या क्रमांकाची, एक अक्षर महिन्याचं, एक अंक वर्षाचा आणि शेवटचे दोन अंक मॉडेलच्या वर्षाचे. महिना ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. शेपटी डी६०६ असेल तर बोट एप्रिल २००६ ची. विकणारा २००९ ची म्हणत असेल तर भाव तिथेच पाडा. क्रमांकाची जागा खरवडलेली किंवा त्यावर नवा रंग चढवलेला दिसला, तर व्यवहार थांबवून विचारपूस करा. १९९८ पूर्वीच्या बोटींवर असा क्रमांक असेलच असं नाही, आणि त्यात काही संशयास्पद नाही.

प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. त्यावरचा क्रमांक, एसएसआर ही अक्षरं पुढे लावून, बोटीवर बाहेरून स्पष्ट दिसेल असा लावायचा. तयार स्टिकर मिळतात. ट्रान्समवर, म्हणजे मागच्या सपाट भागावर, लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर पहिल्याच हंगामात कोपरे सुटतात.

मालकीची फाइल

अर्ज करताना मालकीचा पुरावा कुणी पाहिलाच नाही, मग त्या प्रमाणपत्राने मालकी कशी सिद्ध होणार? ते सांगतं एवढंच की ही बोट ब्रिटिश झेंड्याखाली आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे जमीन झालीच, असं समजणाऱ्यांची जी फसगत होते, तीच इथे होते. बोट विकली गेली की जुनी नोंदणी आपोआप संपते. त्यामुळे विकणाऱ्याने हौसेने स्वतःचं एसएसआर प्रमाणपत्र हातात दिलं, तरी त्याचा तुम्हाला उपयोग शून्य. नवा अर्ज करावाच लागतो.

पैसे देण्याआधी पुढचे कागद टेबलावर आले पाहिजेत. पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतची विक्रीपत्रं, साखळी न तुटता. बोटीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचं पत्र. इंजिनचा क्रमांक, आणि तो खरंच इंजिनावर आहे का ते टॉर्च लावून पाहणं. व्हॅट भरल्याचं मूळ बिल. हे सगळ्यात जास्त हरवतं आणि सगळ्यात जास्त छळतं. ब्रिटनने युरोपियन युनियन सोडल्यावर व्हॅटच्या दृष्टीने इथली बोट आणि तिथली बोट असे दोन गट पडले. जुन्या बोटीसाठी ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ती कुठे होती हे महत्त्वाचं ठरतं. तेव्हाच्या मरिनाची भाड्याची पावती चार ओळींची असते, पण ती बोटीच्या किमतीत भर घालते. फ्रान्समध्ये स्वस्तात मिळालेली बोट इथे आणताना आयातीचा २० टक्के व्हॅट अंगावर येऊ शकतो, तो धरून मगच स्वस्त म्हणा.

स्वतःचं विक्रीपत्र साध्या कागदावर करू नका. सरकारचा छापील नमुना मिळतो, रॉयल यॉटिंग असोसिएशनचाही करारनामा आहे. बोटीचं नाव, हल क्रमांक, इंजिन क्रमांक, किंमत, तारीख, साक्षीदाराची सही.

रेडिओ

बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर दोन वेगळे कागद लागतात आणि लोक हमखास एकच काढतात. पहिला बोटीचा: ऑफकॉम या दूरसंचार नियामक संस्थेचा शिप रेडिओ परवाना. ऑनलाइन फुकट, मुदत नाही, पण दहा वर्षांतून एकदा तरी माहिती बरोबर असल्याची खात्री द्यावी लागते. त्याच्याबरोबर कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची बोटीची ओळख, आणि बोट ओळखण्याचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक मिळतो. हा क्रमांक रेडिओत एकदा घातला की बहुतेक सेटमध्ये घरच्या घरी बदलता येत नाही, म्हणून आकडे दोघांनी मिळून तपासा. दुसरा कागद माणसाचा: शॉर्ट रेंज सर्टिफिकेट. छोटा कोर्स, परीक्षा, मग आयुष्यभराचं. संकटात मात्र कुणीही बटण दाबावं, तेव्हा कागद कुणी विचारत नाही. ४०६ मेगाहर्ट्‌झचा ईपर्ब (बोटीचा) किंवा पीएलबी (माणसाजवळचा), म्हणजे संकटाचा संदेश उपग्रहाला पाठवणारं यंत्र, असेल तर त्याची नोंदही करायची; तीही फुकट आहे.

परदेशी जाताना

बोटीचं एसएसआर प्रमाणपत्र, विम्याचा कागद, व्हॅटचा पुरावा, रेडिओचे दोन्ही कागद, आणि रेड एन्साइन, म्हणजे ब्रिटिश बोटींचा लाल झेंडा. चालवणाऱ्याकडे आयसीसी, म्हणजे क्षमतेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असावं. ते रॉयल यॉटिंग असोसिएशन देते, पाच वर्षं चालतं, आणि युरोपच्या नद्या-कालव्यांत जायचं असेल तर सेव्हनी नावाची नियमांची परीक्षा त्यात जोडून घ्यावी लागते.

निघण्याआधी बॉर्डर फोर्स या ब्रिटनच्या सीमा यंत्रणेला प्लेझर क्राफ्ट रिपोर्ट ऑनलाइन द्यायचा, जाताना आणि परत येतानाही. निघण्याच्या २४ तास आधीपासून ते २ तास आधीपर्यंतची मुदत असते. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या चॅनल आयलंड्सना जातानाही हे लागू आहे. परतताना १२ सागरी मैलांच्या हद्दीत तपासणीची परवानगी मागणारा पिवळा क्यू झेंडा चढवायचा आणि परवानगी मिळेपर्यंत उतरवायचा नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी खरी अडचण बोटीची नाही, माणसांची आहे. शेंगेन व्हिसा लागतोच, आणि पासपोर्टवर शिक्का मारणारा अधिकारी असतो अशाच बंदरात पहिल्यांदा शिरावं लागतं. शेर्बुर तसं बंदर आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक सुंदर गावात ती सोय नसते. वारा फिरला म्हणून भलत्याच बंदरात शिरलात तर तिथून लगेच अधिकाऱ्यांना कळवा. परतीसाठी ब्रिटनचा ई-व्हिसा चालू पासपोर्टशी जोडलेला आहे का, हे घाटावर उभं राहून नाही, घरी बसून बघा.

विमा आणि देखभालीचे कागद

समुद्रावर विमा कायद्याने सक्तीचा नसला तरी मरिना आणि मूरिंग (पाण्यात बोट बांधायची जागा) देणारे विम्याशिवाय जागा देत नाहीत. वीस-पंचवीस वर्षांहून जुन्या बोटीसाठी विमा कंपनी पाण्याबाहेर काढून केलेला सर्व्हे मागते. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा कधी बदलल्या हाही प्रश्न येतो. साधारण दहा वर्षांनी त्या बदलाव्यात अशी कंपन्यांची अपेक्षा असते, आणि बिल नसेल तर बदलल्याच नाहीत असं धरतात. म्हणून तारांचं, सीकॉकचं (बोटीच्या तळातल्या झडपांचं), इंजिन सर्व्हिसचं, लाइफजॅकेट तपासणीचं बिल त्याच फाइलमध्ये लावत जा. अँटिफाउलिंग, म्हणजे तळावर शेवाळ-शिंपले न चिकटू देणारा रंग, स्वतः केलं असेल तर तारीख आणि डब्याचा फोटो पुरतो.

पत्ता बदलला, बोटीचं नाव बदललं किंवा बोट विकली तर यूके शिप रजिस्टरला कळवायचं. कायमचे भारतात परतत असाल तर रहिवासाची अट संपते आणि तिच्याबरोबर नोंदणीचा हक्कही. अशा वेळी बोट आधी विका आणि तसं रजिस्टरला कळवा.